ताटाचा हिशेब आमच्याही हाती हवा

मोठ्या साखळी हॉटेलात गेले की फलकावर पदार्थाच्या नावापुढे किमतीशेजारी आणखी एक आकडा दिसतो. तो असतो किलोकॅलरीचा, म्हणजे त्या पदार्थातून शरीराला किती ऊर्जा मिळेल त्याचा. हा आकडा हॉटेलवाल्याने हौसेने लिहिलेला नाही. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांनी तो लिहिणे बंधनकारक केले आणि १ जुलै २०२२ पासून त्याची अंमलबजावणी सुरू झाली. ज्यांच्याकडे केंद्रीय परवाना आहे किंवा ज्यांच्या दहा वा अधिक ठिकाणी शाखा आहेत, अशांनाच हा नियम लागू आहे. सर्वसाधारण कार्यशील प्रौढ माणसाला दिवसाला २००० किलोकॅलरी लागतात, मात्र गरज कमी-जास्त असू शकते, अशी ओळही त्या फलकावर द्यावी लागते.

नियम चांगला आहे, त्याला आमचा विरोध नाही. आमचा प्रश्न एवढाच आहे की, या नियमाचा लाभ नेमका कोणाला?

अमरावती आणि अकोल्यात आमचा माणूस बाहेर जेवतो तो कुठे? एसटी स्टँडच्या बाहेर, कचेरीसमोरच्या टपरीवर, बाजार समितीजवळच्या भोजनालयात. गिला वडा, आलूबोंडा, समोसा, कचोरी, तर्रीचा रस्सा हे त्याचे बाहेरचे खाणे. खेड्यातून शिकायला आलेली, स्पर्धा परीक्षेच्या तयारीला लागलेली आमची मुले-मुली महिन्याचे पैसे आगाऊ भरून खानावळीत दोन वेळ जेवतात. यातल्या एकाही ठिकाणी हा नियम पोहोचत नाही. म्हणजे जो जास्त पैसे मोजू शकतो त्याला ताटाचा हिशेब मिळतो आणि ज्याला प्रत्येक रुपया जपून खर्चावा लागतो त्याने मात्र डोळे झाकून खायचे!

गंमत अशी की, गरिबाच्या कॅलरी या देशात फार पूर्वीपासून मोजल्या गेल्या आहेत. नियोजन आयोगाच्या १९७९ च्या कार्यगटाने ग्रामीण भागात माणशी रोज २४०० आणि शहरात २१०० कॅलरी हा आधार धरून दारिद्र्यरेषा आखली. पुढे २००९ साली तेंडुलकर समितीने हा कॅलरीचा निकष सोडला. परंतु तीस वर्षे कॅलरीचा आकडा आमच्या ताटावर लावला गेला, तो आम्ही गरीब आहोत की नाही हे ठरवण्यासाठी. तो आकडा ताटात बसलेल्या माणसाला मात्र कोणी सांगितला नाही. मोजणी आमची, पण ज्ञान दुसऱ्याचे, असा हा प्रकार आहे.

आता फलकावरचे ते २००० पाहा. हा आकडा सर्वांना सारखा लागू पडत नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२० साली दिलेल्या अंदाजानुसार बैठे काम करणाऱ्या पुरुषाला दिवसाला २११० किलोकॅलरी लागतात, तर अंगमेहनतीचे जड काम करणाऱ्या पुरुषाला ३४७०. अंगमेहनत करणाऱ्या बाईला २७२० लागतात. दिवसभर पोती वाहणारा हमाल आणि खुर्चीवर बसणारा कारकून यांना एकाच आकड्याने तोलणे हा हमालावर अन्याय आहे. उलट त्याच हमालाचा मुलगा शिकून कचेरीत बसू लागला आणि बापासारखाच जेवत राहिला तर त्याचेही नुकसान आहे. पिढी बदलली, काम बदलले, ताट मात्र तेच राहिले, ही गोष्ट आज आमच्या अनेक घरांत घडते आहे.

दुसरा मुद्दा याहून महत्त्वाचा. निव्वळ कॅलरी मोजून पोषण कळत नाही. राज्यात २६ जानेवारी २०२० रोजी शिवभोजन थाळी दहा रुपयांत सुरू झाली, तेव्हा शासनाने तिचे वजन ग्रॅममध्ये ठरवून दिले होते. ३० ग्रॅमच्या दोन चपात्या, १०० ग्रॅम भाजी, १०० ग्रॅम वरण आणि १५० ग्रॅम भात. ढोबळ हिशेब केला तर या ताटातून पाचशेच्या आसपास किलोकॅलरी मिळतात आणि प्रथिने साधारण चौदा-पंधरा ग्रॅम. आता दोन मध्यम समोसे घ्या. कॅलरी जवळपास तेवढ्याच, पण प्रथिने निम्मी, डाळ नाही, पालेभाजी नाही आणि तेल भरपूर. आकडा एक, पण ताटे दोन! परीक्षेच्या धावपळीत जेवणाऐवजी समोसा-चहावर वेळ भागवणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांनी हे ध्यानात घ्यावे. पोट भरणे वेगळे आणि शरीर पोसणे वेगळे.

मधुमेह हा शेठजींचा रोग, हा समज आता सोडला पाहिजे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय अभ्यासाने देशातील मधुमेहींची संख्या १० कोटींहून अधिक असल्याचे सांगितले. बाबासाहेबांना अखेरच्या वर्षांत मधुमेहाने किती त्रास दिला हे चळवळीतल्या माणसाला नव्याने सांगायला नको. दुसरीकडे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातील निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. एकाच घरात बापाला साखर आणि लेकीच्या अंगात रक्त नाही, अशी आजची स्थिती आहे. दोन्हींचा संबंध ताटाशी आहे.

मग फलक नसलेल्या हॉटेलात हिशेब कसा ठेवायचा? फार शिक्षण लागत नाही. एक ग्रॅम तेलात ९ किलोकॅलरी असतात, तर एक ग्रॅम पिठाच्या वा प्रथिनांच्या अंशात ४. म्हणजे रश्श्यावर तरंगणारी मोठा चमचाभर तर्री सव्वाशे किलोकॅलरीच्या घरात जाते. ती बाजूला सारता येते. चहाच्या कपात दोन चमचे साखर म्हणजे १० ग्रॅम. दिवसाला चार कप झाले की ४० ग्रॅम, आणि हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेची २०२४ ची शिफारस २५ ग्रॅमच्या आत राहण्याची आहे. शंभर ग्रॅम ज्वारीच्या पिठात सुमारे ३३५ किलोकॅलरी आणि दहा ग्रॅम तंतू असतात. म्हणून भाकरी मिळत असेल तर मैद्याच्या नानपेक्षा ती शंभर पटीने बरी. दोन उकडलेली अंडी बारा ग्रॅम प्रथिने देतात. वरणाची वाटी दाट आहे की नुसते पिवळे पाणी, हे तर डोळ्यांनीच कळते.

मात्र सगळा भार खाणाऱ्यावर टाकून चालणार नाही. २०२५ च्या जुलैत समोसा-जिलेबीवर इशाऱ्याच्या पाट्या लागणार अशी बातमी पसरली. केंद्र सरकारला खुलासा करावा लागला की, फेरीवाल्यांच्या पदार्थांवर असा कोणताही इशारा नाही, तेल व साखरेची माहिती देणारे फलक कामाच्या ठिकाणी लावण्याची सूचना आहे. म्हणजे पुन्हा माहिती कचेरीतच! आम्हाला फेरीवाल्याला दंड व्हावा असे मुळीच वाटत नाही, कारण हातगाडी लावणारे अनेक हात आमचेच आहेत. गिला वडा, आलूबोंडा, कचोरी अशा वऱ्हाडी पदार्थांची शासनाने एकदा तपासणी करून साधा तक्ता काढावा आणि तो गाड्यांवर फुकट वाटावा. ज्वारी आणि डाळींवर काम करणारे कृषी विद्यापीठ १९६९ पासून अकोल्यात आहे, त्याची यात मदत घ्यावी. तळणाचे तेल पुन्हा-पुन्हा वापरण्यावर १ जुलै २०१८ पासून मर्यादा आहे, ती तपासण्याचे काम अन्न व औषध प्रशासनाने करावे.

आणि खानावळीचे काय? वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी २०१६-१७ पासून स्वाधार योजना आहे. ते पैसे बहुतेक खानावळीतच जातात. दहा रुपयांच्या ताटाचे ग्रॅम ठरवता येतात, तर महिन्याचे पैसे आगाऊ घेणाऱ्या खानावळीच्या ताटाचे का ठरवता येऊ नयेत? वाटीत डाळ किती, पोळीचे वजन किती, आठवड्यात अंडे किंवा उसळ किती वेळा, एवढे भिंतीवर लिहिले तरी पुरे.

गावच्या हॉटेलात आमच्यासाठी वेगळी कपबशी बाहेर ठेवलेली असे, हे आमच्या वडीलधाऱ्यांनी भोगले आहे. संविधानाच्या अनुच्छेद १५ ने दुकाने आणि हॉटेलांची नावे घेऊन तेथील प्रवेशाचा भेदभाव मोडून काढला. त्याच संविधानाच्या अनुच्छेद ४७ ने जनतेचे पोषणमान उंचावणे हे राज्याचे कर्तव्य ठरवले. पहिल्या अनुच्छेदाने आम्ही हॉटेलच्या आत आलो. दुसऱ्याच्या आधारे, समोर आलेल्या ताटात काय आहे, हे विचारायचे अजून राहिले आहे. खानावळीत जेवणाऱ्या आमच्या विद्यार्थी मित्रांनी येत्या महिन्याचे पैसे भरताना हा प्रश्न एकेकट्याने नव्हे, सर्वांनी मिळून विचारावा.