मोडण्यासाठीच घडवलेली गाडी

4 सप्टेंबर 2022, रविवारची दुपार. राष्ट्रीय महामार्ग 48 वर, पालघर जिल्ह्यातल्या चारोटीजवळ, मुंबईकडे निघालेली एक मर्सिडीज जीएलसी सूर्या नदीच्या पुलाच्या कठड्यावर आदळली. मागच्या सीटवरचे उद्योगपती सायरस मिस्त्री आणि त्यांच्या शेजारचे सहप्रवासी दगावले. पुढचे दोघे जबर जखमी झाले, पण वाचले. मागच्या दोघांनी पट्टा लावला नव्हता, हे तपासात पुढे आलं. कंपनीचे तज्ज्ञ हाँगकाँगहून ठाण्यात आले आणि गाडी तपासून गेले. गाडीतल्या नोंदींवरून कंपनीने पोलिसांना कळवलं की धडकेच्या काही सेकंद आधी वेग ताशी 100 किलोमीटर होता आणि प्रत्यक्ष आदळताना 89.

आता 89 या आकड्याचा हिशेब करू. सेकंदाला साधारण 25 मीटर. एवढा वेग यायला गाडी 31 मीटरवरून, म्हणजे विरारच्या एखाद्या दहा मजली इमारतीच्या गच्चीवरून खाली सोडावी लागेल. ही सगळी ऊर्जा सेकंदाच्या दहाव्या भागात कुठेतरी जिरायला हवी. ती माणसांच्या शरीरात जिरू नये म्हणून गाडीचं नाक चुरगळतं. बेला बारेनी या अभियंत्याने ही कल्पना मांडली आणि 1959 मध्ये मर्सिडीजने ती बाजारातल्या गाडीत उतरवली. पुढचा आणि मागचा भाग मऊ, मधला पिंजरा टणक. त्याआधी गाडी जितकी ठणठणीत तितकी सुरक्षित, असंच सगळे मानत. आजही ‘जुन्या गाड्यांचा पत्रा काय दणकट होता’ असं म्हणणारे काका प्रत्येक सोसायटीत सापडतात. पत्रा दणकट होता खरा. धक्का मात्र थेट बरगड्यांपर्यंत पोचायचा.

महागड्या गाडीची दुरुस्ती इथेच अडते. गाडी पुन्हा आधीसारखी दिसणं हा त्यातला सोपा भाग. पुढच्या अपघातात ती पुन्हा ठरवल्याप्रमाणेच मोडेल, याची खात्री देणं अवघड. पिंजऱ्याचे खांब बोरॉनयुक्त पोलादाचे असतात. लालबुंद तापवून साच्यात दाबायचं आणि तिथेच झटकन थंड करायचं, अशी त्याची घडण. वसईजवळच्या वालीवच्या गाळ्यात डेंटिंगवाल्याने असा वाकलेला खांब गॅसच्या ज्योतीवर तापवून सरळ केला, तर तो दिसेल छान, पण त्या उष्णतेने त्याची ताकद गेलेली असेल. म्हणून तो सरळ करायचाच नसतो. कंपनीने आखून दिलेल्या रेषेवर कापून नवा बसवायचा असतो. ॲल्युमिनियमच्या बॉडीला स्वतंत्र खोली आणि स्वतंत्र हत्यारं लागतात, कारण पोलादाचा कीस त्यात रुतला की दमट हवेत दोन धातूंमध्ये विद्युत-रासायनिक क्रिया सुरू होते आणि ॲल्युमिनियम खाल्लं जातं. खाडी आणि समुद्र यांच्यामध्ये वसलेल्या वसईत दमट हवेची वाण नाही. बंपरच्या आड रडार असतं, त्याच्या लहरींची लांबी जेमतेम चार मिलिमीटर. त्यामुळे बंपरवर पुट्टीचा जाड थर चढवून रंग मारला तर रडारची नजर चुकू शकते.

कार्बन फायबरची तऱ्हा आणखी वेगळी. ते वाकत नाही. आतल्या आत थर सुटतात आणि वरून काहीच कळत नाही, म्हणून अल्ट्रासाउंडने तपासावं लागतं. ब्रिटिश विनोदवीर रोवन ॲटकिन्सन यांची मॅक्लारेन एफ1 ही त्याच धाटणीची गाडी. अशा गाड्या जगात फक्त 106 बनल्या. 2011 मध्ये ती झाडावर आदळली आणि दुरुस्तीला वर्षाहून जास्त काळ लागला. बिल झालं सुमारे नऊ लाख पौंड. त्यांनी ती ज्या किमतीला विकत घेतली होती, त्याहूनही हे बिल मोठं होतं. तरी विमा कंपनीने पैसे भरले, कारण तोवर गाडीची बाजारातली किंमत कितीतरी पटींनी वाढली होती. 2015 मध्ये ती सुमारे 80 लाख पौंडांना विकली गेली.

आपल्याकडे हा हिशेब उलटा चालतो. विम्यात गाडीची घोषित किंमत, म्हणजे आयडीव्ही, ठरलेल्या तक्त्याने घसरते: सहा महिने ते वर्षापर्यंत 15 टक्के वजा, चार ते पाच वर्षांच्या गाडीला 50 टक्के. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या 75 टक्क्यांवर गेला की गाडी ‘टोटल लॉस’. समजा एक कोटीची गाडी आहे आणि दुरुस्तीला 40 लाख लागतात. पहिल्या वर्षाअखेर मर्यादा जवळपास 64 लाख, म्हणजे गाडी दुरुस्त होते. पाचव्या वर्षी मर्यादा साडेसदतीस लाखांवर येते, आणि त्याच जखमेने तीच गाडी भंगारात निघते. सुट्या भागांना वय नसतं. हेडलाइट नव्याच्याच भावात येतो. शिवाय साध्या पॉलिसीत प्लास्टिक, रबर आणि एअरबॅगवरही निम्मी घट धरतात. ही घट न धरणारी ‘झिरो डेप’ जोड घेतली नसेल तर ती तफावत मालकाच्या खिशातून जाते. 1940 पर्यंतच्या व्हिंटेज गाड्यांना मात्र ‘मान्य किमती’चा विमा मिळू शकतो, तिथे वय गाडीच्या बाजूने उभं राहतं.

वसई-विरारमध्ये गाडी टोटल लॉस व्हायला धडकच हवी असं नाही. जुलै 2018 मध्ये नालासोपारा-वसई पाण्याखाली गेली तेव्हा रेल्वेही थांबली होती. बुडालेल्या गाडीचं इंजिन लगेच बिघडत नाही. पाणी ओसरल्यावर मालक स्टार्टचं बटण दाबतो तेव्हा बिघडतं. पाणी हवेसारखं दाबलं जात नाही. पिस्टन वर सरकतो, पाणी जागा देत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. विम्याचा सर्व्हेअर याला पुराचं नुकसान मानत नाही, मालकाच्या कृतीने झालेलं पुढचं नुकसान मानतो, आणि साध्या पॉलिसीत त्याला भरपाई नसते. त्यासाठी इंजिन संरक्षणाची वेगळी जोड घ्यावी लागते. ती घेतलेली असो वा नसो, पाणी शिरलेल्या गाडीचं बटण दाबू नये. टोचन लावून ती वर्कशॉपला न्यावी.