हसू आधी, हिशेब नंतर

आपल्याकडे लघुपटाचा पहिला प्रेक्षक राजीखुशीने आलेला नव्हता. 1948 मध्ये मुंबईत फिल्म्स डिव्हिजन स्थापन झाली आणि मुख्य सिनेमाआधी तिचा एखादा पट दाखवणे देशभरातल्या चित्रपटगृहांना बंधनकारक झाले. नांदेड-लातूरची चित्रपटगृहेही त्याला अपवाद नव्हती. मुरलेले प्रेक्षक तेवढी दहा-पंधरा मिनिटे बाहेर चहा-विडीत काढत आणि सिनेमाची नावे पडद्यावर आली की आत शिरत. धरणे, पूर, लसीकरण, मंत्र्यांची उद्‌घाटने या रांगेत मधूनच एखादा चक्रम, अतर्क्य आणि हसवता हसवता बोचणारा पट येऊन गेला, हे फार थोड्यांच्या ध्यानात आले. मला या लेखात एवढेच मांडायचे आहे: अशा पटाला त्याचा प्रेक्षक घरच्या पडद्यावर मिळाला, कारण तो दोनदा पाहावा लागतो. आणि दुसऱ्यांदा पाहिला की तो अतर्क्य राहत नाही, त्याचा माहितीपट होतो.

सरकारी खात्यात असे पट निघाले कसे, हे आधी पाहू. 1965 ते 1967 या काळात जहांगीर भावनगरी दुसऱ्यांदा फिल्म्स डिव्हिजनमध्ये आले. इंदिरा गांधी तेव्हा माहिती आणि नभोवाणी मंत्री होत्या. भावनगरींनी तरुण दिग्दर्शकांना हात मोकळा दिला. एस. एन. एस. शास्त्री यांनी ‘अँड आय मेक शॉर्ट फिल्म्स’ (1968) मध्ये माहितीपट काढण्याच्या आपल्याच धंद्याची फिरकी घेतली. प्रमोद पती हे मूळचे ओडिशाचे. चेकोस्लोव्हाकियात बाहुलीपटांचे थोर दिग्दर्शक यिर्झी ट्रंका यांच्याकडे शिकून आलेले. त्यांनी ‘एक्सप्लोरर’ (1968), ‘ट्रिप’ (1970) आणि ‘आबिद’ (1972) असे एकाहून एक विक्षिप्त पट केले. 1975 मध्ये, पन्नाशीही न गाठता, ते गेले.

‘आबिद’ जेमतेम पाच मिनिटांचा आहे. त्यातला चित्रकार म्हणजे आबिद सुरती, ‘धर्मयुग’मधल्या ढब्बूजीचे जनक. एक खोली, एक माणूस आणि चित्रांनी भरत जाणाऱ्या भिंती, एवढाच ऐवज. पण हा माणूस आपल्यासारखा चालत नाही. तो सरकतो, उसळतो, एका जागेवरून नाहीसा होऊन दुसऱ्या जागी उगवतो. या तंत्राला पिक्सिलेशन म्हणतात. बाहुलीला थोडे थोडे हलवून एकेक चौकट टिपतात, तसे इथे जिवंत माणसालाच बाहुली करतात. पडद्यावर सेकंदाला 24 चौकटी धावतात, म्हणजे पाच मिनिटांना 7,200. एका स्थितीच्या दोन-दोन चौकटी घेतल्या तरी त्या माणसाला साडेतीन हजारांवर वेळा थबकावे लागते. पाहताना आधी हसू येते. मग जाणवते की या माणसाची हालचाल त्याच्या ताब्यात नाही. कुणीतरी त्याला हलवते आहे. विनोद काळा होतो तो इथे.

या तंत्राचा सर्वांत गाजलेला नमुना मात्र कॅनडाचा. नॉर्मन मॅक्लॅरेन यांचा ‘नेबर्स’, म्हणजे ‘शेजारी’, 1952 सालचा, आठ मिनिटांचा. दोन शेजारी आरामखुर्च्यांत बसून वर्तमानपत्र वाचत आहेत. दोघांच्या हद्दीवर एक फूल उगवते. त्याच्या वासाने दोघेही हरखतात, हवेत तरंगतात. मग फूल कुणाचे, हा प्रश्न निघतो. कुंपण येते, कुंपणाच्या पट्ट्यांच्या तलवारी होतात, घरे पडतात आणि शेवटी दोघेही मरतात. दोन थडगी उरतात, प्रत्येकावर एकेक फूल. मॅक्लॅरेननी या पटाचा आवाजही वाद्यांतून काढला नाही. ध्वनिपट्टीवरच आकृत्या उमटवून तो निर्माण केला. म्हणून मारामारीच्या वेळीही खेळण्यासारखे आवाज येत राहतात.

या पटाच्या वाट्याला आलेल्या दोन गोष्टी त्याच्या कथेइतक्याच बोलक्या आहेत. पहिली अशी की 1953 मध्ये त्याला ऑस्कर मिळाले ते माहितीपटाच्या विभागात. हवेत तरंगणाऱ्या माणसांना माहितीपट म्हणणे ही चूक असेल, पण चूक झकास आहे. दुसरी गोष्ट अशी की भांडणाच्या भरात ते दोघे एकमेकांच्या बायका-मुलांना मारतात, तो भाग काही काळ बाहेर जाणाऱ्या प्रतींतून कापलेला होता. व्हिएतनाम युद्धाच्या काळात तो पुन्हा जोडला गेला. कापलेल्या प्रतीत राहतो तो भांडू नका सांगणारा बोधपट. पूर्ण प्रतीत मात्र आपण आतापर्यंत कशाला हसत होतो, असा प्रश्न पडतो. यातला काळेपणा वरून शिंपडलेला नाही. तो काढला की पटाचा कणाच निघून जातो.

औसा तालुक्यातल्या एका गावात मी हा पट पंधरा-वीस जणांना दाखवला. पट संपल्यावर माझे निरूपण सुरू होण्याआधीच मागून एक वयस्कर शेतकरी म्हणाले, ‘‘हे तर बांधाचं भांडण हाय की, सर.’’ कुणी हसले नाही. आपल्याकडे बांध वीतभर सरकला म्हणून कोर्टात दोन पिढ्या गेलेल्या असतात आणि वकिलाच्या फीपायी विकलेली जमीन त्या बांधाच्या कित्येक पट असते. त्यांनी मग पट पुन्हा लावायला सांगितला. दुसऱ्या वेळी सगळे पहिल्या वर्तमानपत्रापासून गप्प होते. ऑस्करवाल्यांनी विभाग बरोबर निवडला होता, हे मला त्या दिवशी पटले.

‘पुन्हा लावा’ म्हणण्याची ही सोय चित्रपटगृहात नव्हती. ती घरी आली. पण तीही लगेच नाही. 1982 च्या दिल्ली आशियाई खेळांनंतर रंगीत टीव्ही पसरू लागले आणि आमच्या नांदेडात व्हीसीआर आला तो भाड्याने. गल्लीत वर्गणी काढायची, टीव्हीसकट यंत्र एका रात्रीसाठी आणायचे आणि पैसे वसूल व्हावेत म्हणून पहाटेपर्यंत तीन सिनेमे पाहायचे. मधे वीज गेली की सगळ्यांच्या पोटात गोळा. त्या रात्रीत पाच मिनिटांच्या चक्रम पटाला कोण जागा देणार? फिल्म्स डिव्हिजनने आपले पट कॅसेटवर, पुढे सीडी-डीव्हीडीवर विकायला ठेवले, तेव्हा ते आमच्यासारख्या हौशींच्या कपाटात आले. मग पॉजचे बटण हाती लागले. कॅसेट थांबवली की चित्र थरथरे, आडव्या रेघा येत. तरी माणूस हवेत कसा राहिला ते दिसे. तो तरंगत नव्हता. तो पुन्हा पुन्हा उडी मारत होता आणि कॅमेरा फक्त वरचा क्षण टिपत होता. जमिनीवर आपटण्याचे क्षण गाळलेले होते. मला वाटते, अतर्क्य पटाची सगळी युक्ती यात आली. आणि पुष्कळशा सरकारी माहितीपटांचीही.

घरी काही गमावतेही. अंधारात शेजारच्या अनोळखी माणसाचे हसू अर्ध्यात थांबते, ते ऐकू येणे हा अनुभव घरच्या खोलीत मिळत नाही. पण मराठवाड्याला या प्रकाराची जुनी सवय आहे. पैठणच्या एकनाथांच्या भारुडात वेडेवाकडे सोंग येते, उलटेसुलटे बोलते, माणसे पोट धरून हसतात. मग त्याचा उलगडा होतो आणि हसणाऱ्याच्या लक्षात येते की सोंग आपलेच होते. आधी हसू, नंतर हिशेब. अतिवास्तववाद हा शब्द आपल्याकडे युरोपातून आला असेल, पण हा क्रम आपल्या गावच्या चावडीवर कधीचाच होता.

आणि वास्तवही मागे नाही. मार्च 2016 मध्ये लातुरात पाण्याच्या टाक्यांभोवती गर्दी होऊ नये म्हणून जमावबंदी लागू झाली. 12 एप्रिलला मिरजेहून पाण्याची आगगाडी आली: 10 टाक्यांचे डबे, सुमारे 5 लाख लिटर. लोक तिचे फोटो काढत होते. एखाद्या दिग्दर्शकाने तहानेवर जमावबंदी आणि पाण्याला रेल्वे असे लिहिले असते, तर आपण त्याला कल्पना अंमळ ताणलीस असे म्हटले असते. त्याच वर्षी जुलैत जपानच्या फुनाई कंपनीने व्हीसीआर बनवणे थांबवले. जगात ते बनवणारी ती शेवटची कंपनी होती. कॅसेटी उरल्या, पण त्या चालवणारी यंत्रे संपत आली. 2022 च्या मार्चमध्ये फिल्म्स डिव्हिजनही राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाली.

आता हे पट मोबाइलवर सहज सापडतात. पण मोबाइलचा प्रेक्षक दहा सेकंदांत पुढे सरकतो. एकेकाळी प्रेक्षकाला बाहेर जावे लागे; आता तो बसल्या जागी बाहेर असतो. म्हणून माझी सूचना साधी आहे. वाचनालयात, गणपतीच्या मांडवात, कुणाच्या ओसरीवर दहा माणसे जमवा. एक छोटा पट लावा. कुणी अर्थ सांगू लागले तर त्याला थांबवा आणि पट पुन्हा लावा.

ज्यांच्यावर ‘आबिद’ झाला, त्या आबिद सुरतींनी 2007 मध्ये ‘ड्रॉप डेड’ नावाची संस्था काढली. दर रविवारी प्लंबर सोबत घेऊन मीरा रोडच्या इमारतींत दारोदार जायचे आणि घरोघरचे गळके नळ फुकट दुरुस्त करायचे, हे तिचे काम. नळातून पडणारा थेंबही पहिल्या वेळी कुणाला दिसत नाही. तो दिसायला थांबून, पुन्हा बघावे लागते.