जिवाणूंनाही युरिया लागतो

रिसोडकडून आपल्या वाशिम जिल्ह्यात शिरणारी पैनगंगा पुढे चंद्रपूर जिल्ह्यात वढ्याला वर्धेत मिसळते. तिथून खाली, वर्धेच्याच काठी, बल्लारपूर. तिथला कागद कारखाना १९४५ साली स्थापन झाला, तो आसपासच्या बांबूच्या भरवशावर. आपल्याकडचं पाणी असं कागदाच्या गावावरून जातं. म्हणून विदर्भातल्या एका कागद कारखान्याचं सांडपाणी केंद्र, तिथल्या भाषेत ‘ईटीपी’, बघायला मिळालं तेव्हा मुद्दाम गेलो.

आधी गाठतो तो गंधकाचा वास. बांबू कॉस्टिक सोडा आणि सोडियम सल्फाइडमध्ये शिजवतात. उरलेलं काळं द्रावण, म्हणजे ब्लॅक लिकर, आटवून बॉयलरमध्ये जाळलं की वाफ मिळते, रसायनंही परत येतात. ईटीपीत येतं ते मुख्यतः लगदा धुतल्याचं आणि ब्लीचिंगचं पाणी. पहिल्या गोल टाकीत तंतू तळाशी बसतात. खरं काम पुढच्या, हवेच्या टाकीत. ब्लोअर घरघरत असतात, तपकिरी पाणी खदखदत असतं आणि जिवाणू त्यातली साखर, आम्लं फस्त करत असतात.

पण या पाण्यात कार्बन उदंड, नत्र-स्फुरदाची वानवा. म्हणून शेडमध्ये युरिया आणि डीएपीच्या पोत्यांची थप्पी! सोयाबीन पिकवणाऱ्या जिल्ह्यातल्या माणसाला ती ओळखीचीच. ढोबळ हिशेब असा: बीओडी, म्हणजे पाण्यातली घाण खाताना जिवाणूंना लागणारा प्राणवायू, १०० भाग, तर नत्र ५, स्फुरद १.

ऑपरेटरदादांचा भरवसा मीटरपेक्षा काचेच्या नळकांड्यावर जास्त. टाकीतलं लिटरभर पाणी त्यात भरून अर्धा तास हलवायचं नाही. गाळ खाली गच्च बसला तर ठीक. फुगून वरच राहिला तर धाग्यासारखे जिवाणू माजलेत. खत तरी कमी पडलं, नाहीतर प्राणवायू. हवेच्या टाकीनंतरच्या टाकीत असाच गाळ बसतो, त्यातला बराचसा विरजणासारखा परत हवेच्या टाकीत सोडतात. ही युक्ती १९१४ साली मँचेस्टरच्या आर्डर्न आणि लॉकेट यांनी मांडली. आजही तीच चालते.

नळकांड्यातलं वरचं पाणी मात्र नितळ असूनही तपकिरीच. “रंग नाही खात ते,” दादा म्हणाले. तो रंग लिग्निनचा, लाकूड ताठ ठेवणाऱ्या द्रव्याचा. कुजक्या ओंडक्यावरच्या काही पांढऱ्या बुरशा ते फोडतात. टाकीतल्या जिवाणूंना ते फारसं जमत नाही.

नदीत सोडायच्या सांडपाण्याला बीओडीची सर्वसाधारण मर्यादा लिटरला ३० मिलिग्रॅम. ती पाळणारं पाणीही तपकिरी असू शकतं. तेव्हा नदीकाठच्या गावांनी अहवाल मागताना बीओडीवर थांबू नये. सीओडी, म्हणजे जिवाणूंऐवजी रसायनांनी घाण जाळायला लागणारा प्राणवायू, आणि रंग यांचे आकडेही मागावेत.