औषधाविना सुई : जुनाट स्नायुवेदना आणि ड्राय नीडलिंग

वऱ्हाडात 'सुई' या शब्दाचा अर्थ ठरलेला आहे. अंग दुखू लागले की दवाखाना गाठायचा आणि 'डॉक्टरसाहेब, एक सुई देऊन द्या' असे म्हणायचे. सुई म्हणजे इंजेक्शन आणि इंजेक्शन म्हणजे औषध, हे समीकरण आपल्या मनात पक्के बसलेले आहे. त्यामुळे औषधाचा एक थेंबही नसलेली सुई दुखऱ्या स्नायूत टोचून वेदना कमी करता येते, असे सांगितले तर ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर प्रथम अविश्वासच उमटतो. तथापि भौतिकोपचारात, म्हणजेच फिजिओथेरपीत, ही पद्धत अनेक देशांत वापरली जाते. तिचे नाव 'ड्राय नीडलिंग', अर्थात कोरडी सुई. या नावाबरोबर 'दबलेली नस एका बैठकीत मोकळी होते' यासारख्या समजुतीही पसरतात. म्हणूनच ही सुई काय करू शकते आणि काय करू शकत नाही, हे नीट समजून घेणे आवश्यक आहे.

प्रत्येक दुखणे नसेचे नसते

धामणगाव रेल्वे हा कापूस, सोयाबीन आणि तुरीचा तालुका. निंदण आणि वेचणीला बायामाणसे दिवसभर वाकलेली असतात. पाठीवरचा फवारणीचा पंप भरला की सोळा लिटर पाणी खांद्यांवर येते. बाजारातील हमालांच्या पाठी ओझ्याखाली असतात, तर दुकानात किंवा संगणकासमोर बसणाऱ्यांच्या माना तासन् तास एकाच कोनात राहतात. काही महिन्यांनी मानेतून हातात चमक येऊ लागते, किंवा कमरेपासून पोटरीपर्यंत ओढ लागते. मग 'नस दबली' असे निदान घरच्या घरीच होऊन जाते.

काही रुग्णांत ते खरे असते. अनेकांत मात्र मूळ स्नायूत असते. सतत ताणलेल्या स्नायूत एक कडक पट्टा तयार होतो आणि त्यात एक अतिशय हळवी गाठ बोटाला लागते. तिला 'ट्रिगर पॉइंट' म्हणतात. आपण तिला वेदनाबिंदू म्हणू. या बिंदूचे वैशिष्ट्य असे, की तो असतो एका ठिकाणी आणि दुखते दुसऱ्याच ठिकाणी. खवाट्यावरील स्नायूतला बिंदू दंडापर्यंत वेदना पाठवतो, तर कुल्ल्याच्या खोल स्नायूतला बिंदू मांडीच्या बाहेरून थेट घोट्यापर्यंत. त्यामुळे तो हुबेहूब 'सायटिका'सारखा भासतो. अशी दूरवर जाणारी वेदना ही रुग्णाची कल्पना नव्हे. ब्रिटिश वैद्य जॉन केलग्रेन यांनी १९३८ मध्ये स्वयंसेवकांच्या स्नायूंत मिठाचे तीव्र द्रावण टोचून ती प्रयोगाने दाखवून दिली होती.

औषधाकडून कोरड्या सुईकडे

या बिंदूंचा सविस्तर नकाशा तयार करण्याचे श्रेय अमेरिकी डॉक्टर जॅनेट ट्रॅव्हेल यांना जाते. जॉन केनेडी यांच्या पाठदुखीवर त्यांनी उपचार केले होते आणि १९६१ मध्ये केनेडी राष्ट्राध्यक्ष झाल्यावर त्या त्यांच्या वैद्य झाल्या. डेव्हिड सायमन्स यांच्यासह लिहिलेल्या त्यांच्या ग्रंथाचा पहिला खंड १९८३ मध्ये प्रसिद्ध झाला. ट्रॅव्हेल वेदनाबिंदूत बधिरता आणणारे औषध टोचत असत. मात्र गुण औषधाचा की सुईचा, हा प्रश्न शिल्लक होता.

चेक वैद्य कारेल लेविट यांनी १९७९ मध्ये या प्रश्नावरील आपला अनुभव मांडला. २४१ रुग्णांच्या ३१२ दुखऱ्या जागांवर त्यांनी औषधाविना सुई वापरली. सुई नेमकी बिंदूत बसली तेव्हा बहुसंख्य जागांवर तत्काळ आराम पडला. पुढे ज्या २८८ जागांचा मागोवा घेता आला, त्यांपैकी ९२ ठिकाणी तो आराम कायम टिकला. इतर अनेक ठिकाणी काही महिने, काही आठवडे किंवा काही दिवसच. तुलनेसाठी दुसरा गट नसलेला हा अभ्यास होता, तरी त्याने दोन्ही गोष्टी सांगितल्या : सुईने आराम पडू शकतो आणि तो सर्वांना कायमचा मिळत नाही.

सुई नेमके काय करते?

या उपचाराची सुई इंजेक्शनच्या सुईसारखी पोकळ नसते. ती भरीव, लवचीक आणि साधारण पाव मिलिमीटर जाडीची असते. उपचारक बोटांनी कडक पट्टा शोधतो, त्वचा स्वच्छ करतो आणि सुई बिंदूपर्यंत नेतो. सुई योग्य जागी पोचली की बहुधा स्नायू क्षणभर आपोआप उडतो. त्या वेळी गोळा आल्यासारखी कळ येते व ओसरते. सुई पुरेसा वेळ हलवून किंवा स्थिर ठेवून काढून घेतली जाते. नंतर एक-दोन दिवस ती जागा ठणकणे स्वाभाविक आहे.

यामागची प्रचलित उपपत्ती अशी : बिंदूतील तंतू आखडून राहतात, तेथील रक्तपुरवठा कमी होतो आणि वेदना चेतवणारी रसायने साचतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतील जय शाह व सहकाऱ्यांनी २००५ मध्ये अतिसूक्ष्म नळीने अशा बिंदूंतील द्रव तपासला, तेव्हा तेथे या रसायनांचे प्रमाण वाढलेले आढळले. स्नायू उडाल्यानंतर त्यांपैकी काहींचे प्रमाण घटले. अर्थात या उपपत्तीवर सर्वांचे एकमत नाही. २०१५ मध्ये क्विंटनर, कोहेन आणि बोव्ह या संशोधकांनी वेदनाबिंदूच्या सिद्धान्तावरच कठोर टीका केली.

अ‍ॅक्युपंक्चरची सुई दिसायला अशीच असते, परंतु त्या पद्धतीचा आधार चिनी वैद्यकातील ऊर्जामार्गांचा आहे. ड्राय नीडलिंग शरीररचनेच्या आधारे स्नायूवर केले जाते.

लाभ किती, किती काळ?

२०१७ मध्ये भौतिकोपचारकांनी केलेल्या ड्राय नीडलिंगच्या चाचण्यांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. उपचार न करणे किंवा खोटी सुई टोचल्याचा आभास करणे यांच्या तुलनेत बारा आठवड्यांपर्यंत वेदना कमी राहते, असे त्यात आढळले. पुराव्याचा दर्जा मात्र अतिशय निम्न ते मध्यम असाच होता. हालचाल व कामाची क्षमता यांचा विचार करता, फिजिओथेरपीच्या इतर उपचारांपेक्षा सुई सरस ठरली नाही. दीर्घकालीन लाभाचा पुरावाही मिळाला नाही.

याचा व्यवहारी अर्थ सरळ आहे. सुई काही आठवड्यांची सवड मिळवून देते. त्या सवडीत स्नायू ताणण्याचे व बळकट करण्याचे व्यायाम केले, पंपाचे पट्टे नीट बसवले, वेचणीत दर अर्ध्या तासाने कंबर सरळ केली, तर आराम टिकण्याची शक्यता वाढते. सुई टोचून घेऊन दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच ओझे तसेच उचलले, तर दुखणे परत येण्याचीच शक्यता अधिक. ज्या बाईची मजुरी वेचलेल्या कापसाच्या किलोवर ठरते, तिला 'विश्रांती घ्या' एवढेच सांगणे हा उपचार नव्हे. शेतात उभ्याउभ्या करता येतील असे दोन-तीन व्यायाम तिला शिकवले गेले पाहिजेत.

खरोखर नस दबली असेल तर?

मणक्यातील चकती सरकून चेतातंतूच्या मुळावर दाब आला असेल, तर सुई ती चकती जागेवर आणू शकत नाही. वेदनेमुळे भोवतालचे आखडलेले स्नायू सैल करणे, एवढीच तिची मदत होऊ शकते. मधुमेहात दोन्ही तळपायांची आग होते. तेथे साखरेवर नियंत्रण आणि डॉक्टरांनी दिलेली औषधे हाच मार्ग आहे. मुंग्या व बधिरपणा बी-१२ जीवनसत्त्वाच्या अभावानेही येतो. त्वचेवर बधिर चट्टा असेल तर कुष्ठरोगाची तपासणी करून घ्यावी. त्याचे औषध शासकीय आरोग्य केंद्रात विनामूल्य मिळते आणि वेळेवर घेतल्यास चेतातंतू वाचतात.

काही लक्षणे दिसताच सुईचा विचार बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जावे : लघवी-शौचावरचा ताबा सुटणे, बैठकीची जागा बधिर होणे, पाऊल लुळे पडणे, पाठदुखीबरोबर ताप किंवा घटते वजन. शेवटच्या दोन लक्षणांमागे मणक्याचा क्षयही असू शकतो. लघवीचा ताबा सुटला तर त्याच दिवशी रुग्णालय गाठणे अत्यावश्यक आहे. छातीत दडपण येऊन डावा खांदा भरून येत असेल, तर तो हृदयविकार नाही याची खात्री आधी व्हायला हवी. धामणगावच्या रुग्णाला अशा वेळी एकीकडे अमरावती आणि दुसरीकडे सेवाग्राम व सावंगीची मोठी रुग्णालये आहेत. सुईच्या बैठकांत दवडलेले दिवस येथे महागात पडतात.

धोके आणि दक्षता

आयर्लंडमध्ये ७,६२९ उपचारांच्या नोंदी तपासल्या गेल्या. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात सुमारे १९ टक्के वेळा रक्ताचा ठिपका, काळे-निळे पडणे, ठणका असे किरकोळ त्रास आढळले. गंभीर एकही नाही. अमेरिकेतील २०२० च्या अभ्यासात मात्र २०,४६४ बैठकांत २० गंभीर घटना नोंदल्या गेल्या, म्हणजे सुमारे हजारात एक. यांत सर्वांत भीती असते ती फुप्फुसाला छिद्र पडण्याची. मान, खांदा, खवाटा आणि बरगड्या यांच्याखाली फुप्फुस फार जवळ असते. या भागात सुई घेतल्यानंतर, काही तासांनीसुद्धा, दम लागला किंवा श्वास घेताना छातीत कळ आली, तर 'सुईचा ठणका असेल' म्हणून घरी थांबू नये.

रक्त पातळ होण्याची औषधे घेणाऱ्यांनी, गर्भवतींनी, मधुमेहींनी आणि रक्तस्रावाचा विकार असणाऱ्यांनी ती गोष्ट आधीच सांगावी. ज्यांना सुईची फार भीती वाटते, त्यांनी तसे स्पष्ट बोलावे. इतर उपाय उपलब्ध असतात. ज्या जागी जंतुसंसर्ग आहे, तेथे सुई टोचू नये.

रुग्णाने चार प्रश्न निःसंकोच विचारावेत. आपण पदवीधर व नोंदणीकृत भौतिकोपचारक आहात काय? ड्राय नीडलिंगचे स्वतंत्र प्रशिक्षण घेतले आहे काय? माझे दुखणे स्नायूचे आहे, हे कशावरून ठरवले? सुईसोबत कोणते व्यायाम देणार? सुईचे पाकीट आपल्यासमोर फोडले जावे आणि वापरलेली सुई लगेच टाकून दिली जावी. तीन-चार बैठकांनंतर काहीच फरक नसेल, तर सुया वाढवण्याऐवजी निदान पुन्हा तपासून घेणे शहाणपणाचे.

औषध नसलेली ही सुई जादूची नाही आणि थोतांडही नाही. योग्य स्नायूत, शिकलेल्या हातांनी टोचली तर ती दुखण्याची पकड काही काळ सैल करते. त्या काळात शरीराला पुन्हा कामाजोगे करण्याचे काम मात्र रुग्णाच्या रोजच्या व्यायामाचे आहे. ते कोणतीही सुई त्याच्या वतीने करीत नाही.