गोळ्या संपल्यानंतरचे बारा आठवडे

यकृत आणि आपण : लेखांक ६

मागच्या आठवड्यात आपण हिपॅटायटिस सीच्या गोळ्यांपर्यंत आलो होतो. रोज एक वेळ, न चुकता ८४ दिवस. शेवटच्या दिवशी डबी रिकामी होते आणि घरातले म्हणतात, ‘सुटलास बाबा! आता रक्त तपासून घे.’ डॉक्टर मात्र सांगतात, तीन महिन्यांनी या. एरंडोलच्या माणसाला हे खटकते. जळगाव तीसेक किलोमीटरवर. सकाळच्या एस.टी.ने जाऊन, रक्त देऊन दुपारी घरी येता येते. मग तीन महिने कशासाठी? मशीन बंद आहे की सरकारी दवाखान्याची नेहमीची दिरंगाई?

दिरंगाई कुठेच नसते. गोळीविना काढलेले ते बारा आठवडे हाच तपासणीचा मोठा भाग असतो. दंडातून रक्त काढणे हा तिचा शेवटचा, पाच मिनिटांचा भाग.

हे नीट समजायचे तर या विषाणूचा वेग लक्षात घ्यावा लागेल. १९९८ मध्ये संशोधकांनी रुग्णांच्या रक्ताचे नमुने थोड्या थोड्या वेळाने घेऊन हा वेग मोजला. एका रुग्णाच्या शरीरात दिवसाला सुमारे एक लाख कोटी नवे विषाणू तयार होतात आणि रक्तातल्या विषाणूंपैकी निम्मे जेमतेम तीन तासांत नष्ट होतात, असे त्यातून दिसले. म्हणजे आज रक्तात सापडलेला विषाणू हा जवळजवळ आजच तयार झालेला माल. कारखाना यकृताच्या पेशींमध्ये चालतो. सोफोसबुविर ही गोळी विषाणूच्या प्रती काढणारे यंत्रच अडवते; जोडीची डॅक्लाटासविर किंवा वेल्पाटासविर त्याचे आणखी एक प्रथिन निकामी करते. उत्पादन थांबले की रक्त झपाट्याने साफ होते. पुष्कळ रुग्णांच्या रक्तात चौथ्या आठवड्यातच विषाणू सापडेनासा होतो.

म्हणूनच शेवटच्या गोळीच्या दिवशी केलेल्या तपासणीतून फार काही कळत नाही. औषध काम करते आहे, इतकेच तिच्यातून कळते आणि ते आधीच ठाऊक असते. यकृताच्या एखाद्या कोपऱ्यात चार बाधित पेशी उरल्या असतील तर औषधाच्या धाकात त्या गप्प राहतात. शेतातली हराळी उन्हाळी नांगरटीने खरेच गेली का, हे मे महिन्यात कोरडी ढेकळे बघून सांगता येत नाही. पाऊस पडून गेल्यावरच कळते. औषध शरीरातून निघून जाणे हा इथला पाऊस. काही उरले असेल तर त्याला उगवायला पुरेसा अवधी द्यावा लागतो.

मग बाराच आठवडे का, चार का नाहीत? ज्यांचा आजार उलटतो त्यांच्यातल्या बहुतेकांचा तो पहिल्या चार आठवड्यांतच उलटतो, पण सगळ्यांचा नाही. इंटरफेरॉनच्या काळात तर सहा महिने थांबावे लागे. दर आठवड्याला इंजेक्शन, ताप, अंगदुखी, खोल उदासी, हे सगळे अनेकदा वर्षभर सोसायचे, त्यानंतर सहा महिने वाट पाहायची, आणि एवढे करूनही अनेकांच्या पदरी निराशा यायची. त्या रुग्णांनी काय सोसले असेल, याची कल्पना आजच्या रुग्णाला येणे कठीण आहे. पुढे अमेरिकेच्या औषध प्रशासनातील संशोधकांनी १३ हजारांहून अधिक रुग्णांच्या नोंदी पडताळल्या. बाराव्या आठवड्याचा आणि चोविसाव्या आठवड्याचा निकाल जवळजवळ सर्वांचा सारखाच निघाला. तेव्हापासून बारा आठवड्यांची कसोटी रूढ झाली. ती पार केलेल्यांपैकी शंभरात एकाचाही जुना आजार परतत नाही, आणि नव्या गोळ्यांनी ती पार करणारे शंभरात सुमारे पंचाण्णव आहेत.

या कसोटीनंतर डॉक्टर ‘बरा झाला’ असे स्पष्ट म्हणतात, आणि तसे म्हणण्याचा त्यांना अधिकार आहे. एचआयव्ही आपल्या जनुकांतच शिरून बसतो. हिपॅटायटिस बीचा विषाणू पेशीच्या केंद्रकात स्वतःची प्रत दडवून ठेवतो. सीचा विषाणू केंद्रकात घर करत नाही. प्रती काढणे थांबले की त्याच्याजवळ शिल्लक काही राहत नाही.

एवढ्या ताकदीचे औषध इथपर्यंत पोहोचले त्याला फार वर्षे झाली नाहीत. डिसेंबर २०१३ मध्ये अमेरिकेत सोफोसबुविरला मान्यता मिळाली तेव्हा बारा आठवड्यांच्या कोर्सची किंमत होती ८४ हजार डॉलर. २०१५ मध्ये हैदराबादच्या नॅटको कंपनीने २८ गोळ्यांची डबी १९,९०० रुपयांना आणली. २८ जुलै २०१८ रोजी राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला आणि सरकारी उपचार केंद्रांत गोळ्या मोफत मिळू लागल्या. शेवटची तपासणीही त्याच कार्यक्रमात मोफत होते. तरीही गोळ्या संपल्यावर परत न येणारे रुग्ण ही जगभरच्या हिपॅटायटिस कार्यक्रमांपुढची मोठी अडचण आहे. खानदेशात ती कशी उभी राहते, हे शेतीच्या वेळापत्रकावरून समजते. जुलैच्या मध्यावर कोर्स संपला तर तपासणीची तारीख ऑक्टोबरात पडते, नेमकी कपाशीची वेचणी सुरू होते तेव्हा. मजूर मिळत नाहीत, तब्येत ठणठणीत वाटते, तारीख राहून जाते. अशा वेळी एक गोष्ट लक्षात ठेवावी. बारा आठवड्यांच्या आधी केलेली तपासणी अपुरी ठरते, पण नंतर केलेली चालते. दिवाळी झाल्यावर गेले तरी निकाल तितकाच खरा असतो. जायला मात्र हवेच.

रक्त कुठे देता, यालाही महत्त्व आहे. तपासणीत शोधतात तो विषाणूचा आरएनए नाजूक असतो. रक्तातला द्रव भाग काही तासांत वेगळा करून थंड ठेवावा लागतो. जळगावचा पारा मे महिन्यात ४५ अंशांपर्यंत चढतो, तिथे नळी डिकीत ठेवून गावोगाव फिरली तर आकड्यावर विश्वास कसा ठेवायचा? तालुक्याच्या कलेक्शन सेंटरमध्ये रक्त देणाऱ्याने नमुना कधी निघणार आणि बर्फात जाणार का, हे बेलाशक विचारावे. गोव्यातल्या मोलबायो कंपनीच्या ट्रूनॅटसारख्या लहान मशीनमुळे ही अडचण कमी होते आहे. ते बॅटरीवरही चालते आणि तास-दोन तासांत उत्तर देते.

मग घरी फोन वाजू लागतात, ‘रिपोर्ट उना का?’ कागद हातात आला की नजर नेमकी चुकीच्या ओळीवर जाते. पाहायची ती एकच ओळ, एचसीव्ही आरएनए. तिच्यापुढे ‘नॉट डिटेक्टेड’ असेल तर झाले. यकृताच्या तपासणीतले एसजीपीटी उतरले, ही चांगली गोष्ट; पण विषाणू असतानाही ते नॉर्मल राहू शकते, म्हणून तो पुरावा नव्हे. आणि अँटिबॉडीची कार्ड टेस्ट पुन्हा करूच नये. अँटिबॉडी म्हणजे शरीराने ठेवलेली जुनी नोंद; बरे झाल्यावरही ती बहुधा जन्मभर ‘पॉझिटिव्ह’ येते. मोतीबिंदूच्या किंवा हर्नियाच्या ऑपरेशनआधी हीच टेस्ट होते, ‘पॉझिटिव्ह’ दिसते आणि पूर्ण बरा झालेला माणूस हादरतो. कधी ऑपरेशनही पुढे ढकलले जाते. त्यासाठी बाराव्या आठवड्यानंतरचा आरएनए रिपोर्ट फाइलमध्ये जपून ठेवावा. छापील अक्षरे पुसट होतात, म्हणून त्याची झेरॉक्सही काढावी.

वाट पाहण्याच्या काळात काविळीचे झाडपाल्याचे औषध आणून देणारे हितचिंतक घरी येतात. त्यांची माया खरी असते. पण हिपॅटायटिस सीच्या बहुतेक रुग्णांना कावीळ झालेलीच नसते, आणि काय घातले आहे ते माहीत नसलेल्या काढ्याने एसजीपीटी चढले तर दोष आजाराचा की काढ्याचा, हे डॉक्टरांनाही ओळखता येत नाही.

आजार उलटलाच तर? दार बंद होत नाही. रुग्णाला वरच्या केंद्राकडे पाठवतात आणि औषधे बदलून किंवा वाढवून पुन्हा उपचार देतात. बरे झालेल्याला रक्तातून नव्याने लागण होऊ शकते, ही गोष्ट वेगळी. अँटिबॉडी संरक्षण देत नाहीत आणि या आजाराला लस नाही. नंदुरबार-धुळ्याच्या आदिवासी पट्ट्यात सिकलसेल आहे, त्याच्या काही रुग्णांना वारंवार रक्त घ्यावे लागते. डायलिसिसवरचे रुग्ण तर गावोगाव आहेत. २०२२ मध्ये नागपुरात थॅलेसेमियाच्या काही मुलांना रक्तातून एचआयव्हीची बाधा झाल्याचे उघड झाले आणि राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने दखल घेतली. ज्यांना रक्त घेतल्याशिवाय गत्यंतर नाही, त्यांची आरएनए तपासणी ठरावीक काळाने होत राहिली पाहिजे. हा त्यांचा हक्क आहे.

ज्यांचे यकृत सिऱ्होसिसपर्यंत पोहोचले होते, त्यांच्या फाइलवरही निगेटिव्ह रिपोर्टनंतर पुढची तारीख पडते. विषाणू गेला तरी यकृतातले व्रण लगेच जात नाहीत आणि कर्करोगाचा धोका कमी झाला तरी संपत नाही. त्यांना दर सहा महिन्यांनी पोटाची सोनोग्राफी करावी लागते. ते व्रण मोजतात कसे आणि फायब्रोस्कॅनच्या आकड्याचा अर्थ काय, हे पुढच्या आठवड्यात पाहू.