तिसरीची शिंप आणि माकलाची पाठ

कर्ली आणि कालावलच्या खाड्यांत ओहोटी लागली की बायका तिसऱ्या काढायला पाण्यात उतरतात. मालवणच्या मासळी बाजारात याच तिसऱ्यांच्या शेजारी माकूल विकायला असतं. एक वाळूत गाडून घेणारी, दोन शिंपांत मिटलेली, आणि दुसरं मोठ्या डोळ्यांचं, चपळ शिकारी. तरी दोघं एकाच घराण्यातली आहेत. हे मृदुकायांचं घराणं. जगात त्यांच्या सुमारे 80 हजार जाती माहीत आहेत. मऊ अंग, त्यावर प्रावार नावाचं पातळ आवरण, स्नायूंचा पाय आणि प्रावारातून पाझरणाऱ्या चुन्याचं कवच, हा त्यांचा मूळ आराखडा. या कवचाचं पुढे कोणी काय केलं, त्यावरून घराण्याच्या शाखा कळतात.

तिसऱ्या, कालवं, शिनाणे यांनी त्याचे दोन भाग केले. जेवण झाल्यावर तिसरीची एक शिंप धुऊन आतून निरखून पाहावी. दोन्ही टोकांशी दोन फिकट, गोलसर खुणा दिसतात. शिंप मिटणारे स्नायू तिथे चिकटलेले असतात. बिजागरीपाशी असलेला लवचीक पट्टा मात्र शिंप उघडण्यासाठी सतत जोर लावत असतो. उकळत्या पाण्यात स्नायू सुटतात, पट्ट्याचं फावतं आणि तिसरी उघडते. या प्राण्यांना डोकंच नसतं. कल्ल्यांतून पाणी गाळून ते पोट भरतात. पाणी अनुकूल असेल तर मोठं कालव दिवसाला शंभरएक लिटर पाणी गाळू शकतं. खाडीत सोडलेलं सांडपाणीही त्याच कल्ल्यांतून जातं आणि त्यातले जंतू आपल्या ताटात येतात. खाडी जपायला एवढं कारण मला पुरेसं वाटतं.

किनाऱ्यावर कधी नेमकं गोल भोक पडलेली शिंप सापडते. हे काम उदरपादांपैकी, म्हणजे शंख-गोगलगायींच्या शाखेतल्या, एका मांसाहारी शंखाचं. तो आम्लानं शिंप मऊ करतो आणि रेत्रिका या दातेरी जिभेनं खरवडत भोक पाडतो. शंकूच्या आकाराच्या शंखांत तर याच दातांचे विषारी भाले झाले आहेत. जिवंत शंकूशंख कधीही हातात घेऊ नये. अशाच एका जातीच्या विषावरून तयार केलेल्या वेदनाशामकाला 2004 साली अमेरिकेत मान्यता मिळाली.

खडपांना घट्ट चिकटणारे, पाठीवर आठ पट्ट्या असलेले कायटन ही आणखी एक शाखा.

माकलानं कवच अंगाच्या आत घेतलं. किनाऱ्यावर वाहून येणारा पांढरा, हलका समुद्रफेण म्हणजे माकलाच्या पाठीतलं हेच कवच. त्यात असंख्य बारीक कप्पे असतात. त्यांतल्या पाण्याचं आणि वायूचं प्रमाण बदलून माकूल पाण्यात हव्या त्या खोलीवर तरंगतं. ऑक्टोपसनं तर कवच जवळजवळ टाकूनच दिलं. त्याला तीन हृदयं, आणि तांब्यामुळे निळं रक्त. शरीरात कठीण अशी एक चोच तेवढी उरली. ती शिरेल एवढी फट मिळाली की बाकीचा ऑक्टोपस तिच्यामागून आत जातो.