'पडलिंग' : शब्द एक, कामे निरनिराळी

'पडल' या इंग्रजी शब्दाचा साधा अर्थ पाण्याचे डबके. त्याच शब्दावरून आलेला 'पडलिंग' हा शब्द निरनिराळे कारागीर आपापल्या कामास लावतात. इंग्लंडमध्ये हेन्री कॉर्ट याने १७८४ साली भट्टीत वितळलेले कच्चे लोखंड ढवळून घडीव लोखंड करण्याची रीत काढली. तिलाही पडलिंगच म्हणतात. कालवे बांधणारे तळाशी व बाजूंस ओली चिकणमाती तुडवून बसवीत, तेही पडलिंग. गोंदिया जिल्ह्यात मात्र यांपैकी दोनच अर्थ महत्त्वाचे आहेत : धानाच्या बांधीतील चिखलणी आणि तलावाच्या पाळीतील चिकणमातीचा गाभा.

रोवणीपूर्वी साचलेल्या पाण्यात नांगर किंवा पडलर फिरविला म्हणजे मातीचे कण सुटे होतात, छिद्रे बुजतात आणि पाणी खाली झिरपणे कमी होते. तण गाडले जाते व पऱ्हे सहज रोवता येतात. तलावाच्या पाळीतही पाणी अडविणे हाच हेतू असतो. तेथे चिकणमाती योग्य ओलीवर पातळ थरांनी पसरून प्रत्येक थर घट्ट दाबावा लागतो. कोरडी ढेकळे टाकून वर माती लोटल्यास मधल्या पोकळीतून पाणी वाट काढते. पाळ फुटली की भारी धान निसवण्याच्या व दाणा भरण्याच्या वेळी, म्हणजे पाऊस परतल्यावर, बांधीला पाणी मिळत नाही. जिल्ह्यातील माजी मालगुजारी तलावांच्या दुरुस्तीत म्हणूनच ही काळजी आवश्यक आहे.

दोन्ही कामांत एक मोठा भेद आहे. पाळीतील माती कायमची घट्ट राहावी लागते. ती वाळून भेगाळू नये म्हणून तिच्यावर मुरूम वा अन्य मातीचे आच्छादन असते. बांधीतील माती मात्र पुढील पिकासाठी पुन्हा मोकळी व्हावी लागते. गरजेपेक्षा अधिक चिखलणी केल्यास धान कापल्यावर जमीन कठीण होऊन भेगाळते व हरभऱ्याची मुळे नीट पसरत नाहीत. हलक्या, झिरपणाऱ्या जमिनीस चिखलणी अधिक लागते. भारी, चिकण जमिनीस कमी पुरते.

तेव्हा 'पडलिंग करा' एवढेच सांगून ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी थांबू नये. बांधीत 'चिखलणी' व पाळीत 'चिकणमातीची दाबाई' असे स्पष्ट सांगावे. शब्द नेमका असेल तर कामही नेमके होते आणि पाणी जेथे हवे तेथेच राहते.